न चालणारी गाडी

आमच्या करमाळ्याला आगगाडी नाही. तालुक्याला आहे, गावाला नाही. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग तालुक्याच्या कडेकडेने निघून जातो आणि गाडी धरायची असली की आम्हांला जेऊर गाठावे लागते. त्यामुळे करमाळ्याच्या माणसाला स्टेशन ही रोजच्या फेरफटक्यातली जागा वाटत नाही. स्टेशन म्हणजे त्याच्या लेखी गाव सोडण्याचे दुसरे नाव. 'तो जेऊरला गेला' असे कोणी सांगितले, की ऐकणारा सहसा 'परत कधी यायचाय?' असेच विचारतो. कारण जेऊरला गेलेला माणूस बहुधा जेऊरच्याही पुढे गेलेला असतो.

माझे वडील असेच गेले. १९७२ चा दुष्काळ. सोलापूर जिल्ह्यात तेव्हा शेतकऱ्याच्या हातातला नांगर सुटला होता आणि त्या हातांत खडी फोडायचा हातोडा आला होता. वडिलांनी काही दिवस खडी फोडली आणि मग एका रात्री जेऊरला जाऊन मुंबईची गाडी धरली. त्या वेळी आगगाडीला अजून तिसरा वर्ग होता. तो १९७४ साली गेला, म्हणजे निदान डब्यावरून त्याचे नाव गेले. वडील डब्यात चढले ते संडासाच्या दाराशी बसून मुंबईला पोहोचले. गिरणीत लागले. मागाहून आईही दोन-तीनदा मुंबईला जाऊन राहिली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ज्या गाडीने वडील गेले होते त्याच गाडीने ते परत आले. मी त्या वेळी दोन-तीन वर्षांचा होतो. मला त्यांचे जाणे आठवत नाही, येणेही आठवत नाही. आठवते ते एवढेच, की आमच्या घरात आगगाडीचा विषय निघाला की आवाज थोडे खाली जात.

हे सगळे सांगण्याचे कारण एक जेवण. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा मुंबईत नोकरीला लागला. पहिल्या काही पगारांतून त्याने जे बेत केले त्यांत आजीला मुंबई दाखवण्याचा एक बेत होता. आजीबरोबर मामाही हवा, म्हणून मला आमंत्रण. मी शाळामास्तर; चार कादंबऱ्या माझ्या नावावर असल्या तरी मुंबईच्या वाटेला मी फारसा जात नाही. पण आई सत्तरीची. तिने मनावर घेतले होते. तिने जाण्याच्या आदल्या दिवशी शेंगदाणे भाजले, गूळ फोडला आणि दोन डझन लाडू वळून एका फडक्यात बांधले. मी म्हणालो, "अगं, मुंबईत सगळं मिळतं." ती म्हणाली, "मुंबईत मिळतं रं. गाडीत काय करशील?"

मुंबईत भाच्याने आम्हांला पहिल्याच संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला नेले. हे स्थानक १८८८ साली बांधून पुरे झाले आणि २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, हे मी वर्गात कितीदा तरी मुलांना सांगितले आहे. पण सांगणे वेगळे आणि त्या घुमटाखाली मान वर करून उभे राहणे वेगळे. आई मात्र वर पाहत नव्हती. ती फलाटाकडे पाहत होती. मला वाटले, तिला वडील आठवत असावेत. पण तिने विचारले एवढेच, "हितंच उतरत व्हते का रं लोक?" मी म्हणालो, "इथं, नाही तर दादरला." तिने मान हलवली.

स्थानकाच्या आवारात रेल्वेने एक जुना डबा रुळांवर उभा करून त्याचे उपाहारगृह केले आहे, आणि तिथेच आपल्याला जेवायचे आहे, असे भाच्याने सांगितले. २०२१ सालच्या ऑक्टोबरात हे सुरू झाले. सेवेतून निवृत्त झालेला डबा. त्यातली बाके काढून दहा टेबले मांडलेली, चाळीस माणसांची सोय. पुढे नागपूर स्थानकावर आणि इतरही ठिकाणी असे डबे उभे राहिले. आम्ही पायरी चढून आत गेलो. थंडगार हवा, मऊ बैठका, मंद दिवे. आईने चपला दाराशी काढल्या. भाच्याने हसत हसत त्या तिच्या पायांत परत घातल्या. बसल्यावर तिने खिडकीला हात लावून पाहिला आणि विचारले,

"ही कुठं जाती?"

"कुठं जात नाही, आजी. ही इथंच उभी असते."

"बिघडलीय?"

"नाही गं. आता हिच्यात लोक जेवतात."

"आन् जेवून कुठं जात्यात?"

"घरी."

आई गप्प झाली. तिच्या हिशेबात कुठे तरी काही तरी बसत नव्हते. आम्ही मात्र खूप हसलो. मग मी जेवणाच्या दरांचा कागद हातात घेतला आणि मला हसू येईना. तिथले दर काही अवाजवी होते असे नाही; मुंबईत चांगल्या ठिकाणी असतात तसेच होते. पण मी वडिलांचा मुलगा. माझ्या डोक्यात दुसरे गणित सुरू झाले. ज्या जातीच्या डब्यात माझा बाप मुतारीच्या वासात रात्रभर उकिडवा बसला, त्याच जातीच्या डब्यात आज माणसे गंमत म्हणून जेवायला येतात! गरजेची जागा आता चैनीची झाली. हे योग्य आहे काय? लेखक माणसाला असा प्रश्न सुचला की तो स्वतःवर फार खूश होतो. जेवण यायच्या आतच माझा अर्धा निबंध मनात लिहून झाला होता.

तो निबंध मी लिहिला नाही, याचे कारण त्यानंतर घडलेली गोष्ट.

शेजारच्या टेबलाशी एक कुटुंब बसले होते. नवरा, बायको आणि चार-पाच वर्षांची मुलगी. आमच्या आधी त्यांचे जेवण आले. आईने त्यांच्याकडे पाहिले, मग मांडीवरचे फडके सोडले आणि एक लाडू काढून त्या मुलीपुढे धरला. "घे बाय," ती म्हणाली. मुलीचा हात पुढे आला. तिच्या आईने तो हळूच मागे घेतला आणि फार सभ्यपणे म्हणाली, "नको आजी, थँक यू." माझ्या आईला ते 'नको' म्हणजे आपल्याकडचे पहिले 'नको' वाटले, जे ऐकायचे नसते. तिने हात तसाच पुढे ठेवला. दोन-तीन टेबलांवरची माणसे वळून पाहू लागली. माझे कान तापले. मी आईचे मनगट धरून खाली घेतले आणि दबक्या पण चिडक्या आवाजात म्हणालो,

"आई, ही गाडी नाही!"

आईने लाडू फडक्यात ठेवला. फडक्याची गाठ मारली. मग आमचे जेवण आले. ते तिने सगळे खाल्ले, ताटलीत काही टाकले नाही आणि जेवण कसे झाले असे भाच्याने विचारल्यावर "झ्याक" म्हणाली. पण त्या जेवणात ती पुन्हा आपणहोऊन बोलली नाही.

वाचकहो, तेव्हापासून हे एकच वाक्य मी मनात घोळवीत आहे. ही गाडी नाही. खरोखर, ती गाडी होती की नव्हती? तिला चाके होती. ती रुळांवर उभी होती. डबा तोच होता. तिथे लोक येत होते ते गाडीत बसल्याची मौज घ्यायलाच येत होते. म्हणजे जी गाडी म्हणून दाखवायची, जिची गाडी म्हणून किंमत घ्यायची, तिच्यात कोणी गाडीत वागावे तसे वागले तर आपण म्हणायचे, ही गाडी नाही! आईचे चुकले असेल तर ते एवढेच, की तिने त्या डब्यावर विश्वास ठेवला.

तिच्या पिढीला आगगाडीने एक रीत शिकवली होती. गाडीत पुरचुंडी सोडायची ती आधी शेजाऱ्याला विचारून. समोरच्या बाकावर मूल असेल तर पहिला घास त्याला. गाव विचारायचे, कोणाकडे निघालात ते विचारायचे, आणि भाकरी मोडून अर्धी पुढे करायची. उतरल्यावर पुन्हा कधी भेट होणार नाही हे दोघांनाही ठाऊक असायचे. माणसाने माणसाला द्यावे आणि त्यात परतफेडीचा संभवही नसावा, अशी जागा जगात फार थोडी. देवळातही आपण देवाकडून काही मागतो. आगगाडीतल्या भाकरीमागे मागणे नव्हते.

आता प्रश्न असा, की एखादी जुनी वस्तू आपण राखतो तेव्हा नेमके काय राखतो? तिचा आकार, की तिच्यात राहणारी रीत? पॅरिसमध्ये एक स्टेशन आहे, ओर्से नावाचे. १९०० सालच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने ते बांधले. पुढे गाड्या लांब झाल्या आणि त्याचे फलाट आखूड पडू लागले, म्हणून लांबच्या गाड्या तिथून बंद झाल्या. ती इमारत पाडता पाडता वाचली आणि १९८६ साली तिथे चित्रांचे संग्रहालय उघडले. स्टेशनाबरोबर जे हॉटेल होते त्याच्या जुन्या भोजनगृहात आजही लोक जेवतात. मी ते पाहिलेले नाही, पाहण्याचा संभवही नाही. पण वाचले तेव्हा मला वाटले, इमारत वाचली हे उत्तमच. दगडाला रीत नसते. तो आपल्याला जसा ठेवू तसा राहतो.

पॅरिस कशाला, आमच्या करमाळ्यातच पाहा. कमलाभवानीच्या देवळाजवळ शहाण्णव पायऱ्यांची विहीर आहे. ज्या काळी बायका डोईवर घागर घेऊन अशा विहिरी उतरत असत, त्या काळी पायऱ्या मोजण्याची हौस कोणाला नसेल. शहाण्णव पायऱ्या म्हणजे शहाण्णव वेळा गुडघ्यात कळ. आज पाहुणा येतो, पायऱ्या मोजतो, बरोबर भरल्या म्हणून आनंदतो आणि छायाचित्र काढतो. मी स्वतः शाळेच्या पोरांची सहल तिथे नेतो. तिथे मला कधी राग आला नाही. कोणाच्या तरी कष्टाची जागा माझ्या मौजेची झाली, म्हणून मला तिथे कधी निबंध सुचला नाही.

आणि दुसरे एक उदाहरण याच्या अगदी उलट. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. पाणी पसरले तशी गावे उठली आणि जुना लोहमार्गही हलवावा लागला. डिकसळजवळचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल गाड्यांवाचून तसाच उभा राहिला. त्याचे उपाहारगृह कोणी केले नाही. त्यावरून माणसे जाऊ लागली. इंदापूर तालुका आणि करमाळा तालुका यांना जोडणारा तो रस्ताच झाला. उसाची वाहने गेली, दुचाक्या गेल्या, शाळा-कॉलेजाची पोरे गेली. गाडीसाठी बांधलेल्या पुलाने चाळीसएक वर्षे माणसांचे ओझे वाहिले आणि शेवटी २०२३ साली त्याचा काही भाग ढासळला. मला पूर्वी वाटे, जुन्या वस्तूचा पुनर्जन्म असावा तर असा. गरजेतून आला आणि गरजेतच गेला. त्याच्यापुढे ही रुळांवर उभी केलेली जेवणाची गंमत मला थिल्लर वाटली असती.

पण आता तसे म्हणवत नाही. गरज तेवढी पवित्र आणि मौज तेवढी हलकी, हा हिशेब आपण गरिबांच्या वतीने फार सहज मांडतो. गरीब स्वतः तो मांडत नाहीत. दुष्काळातही आमच्या गावात दिवाळीला पणती लागत होती. तेल कमी असे, एवढेच. त्या संध्याकाळी बिल आले तेव्हा मी भाच्याचा चेहरा पाहिला होता. त्याने ते मला दिसू नये म्हणून उलटे धरले, पैसे दिले आणि आजीचा हात धरून तिला पायरीवरून उतरवले. ज्याचा आजा जमिनीवर बसून या शहरात आला, तो नातू आपल्या आजीला त्याच रेल्वेच्या डब्यात गादीवर बसवून जेवू घालतो, यात चैन किती आणि फेड किती? मला तरी सांगता येत नाही. वडील असते तर त्यांनी दरांचा कागद वाचून शिव्या दिल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या गल्लीला सांगितले असते.

शिवाय जुन्या गाडीचे गुण गाताना आपण किती विसरतो! स्वातंत्र्यापूर्वी स्टेशनांवर पाणीसुद्धा हिंदू आणि मुसलमान असे. एकाच विहिरीचे असले तरी. आणि त्या दोन्ही घागरींपासून ज्यांना लांब ठेवले होते त्यांचे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लहानपणची एक हकिगत लिहून ठेवली आहे. १९०१ सालची गोष्ट. ते जेमतेम नऊ-दहा वर्षांचे. भावंडांबरोबर साताऱ्याहून गाडीने मसूरला उतरले, तिथून वडिलांकडे कोरेगावला जायचे होते. न्यायला कोणी आले नाही. पोरांचे कपडे नीटनेटके म्हणून स्टेशनमास्तरने चौकशी केली. जात कळली आणि तो मागे सरला. गाडीवान मिळेना. शेवटी एक मिळाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी पोरांनीच हाकायची या अटीवर. त्यांच्याजवळ घरून दिलेले खाण्याचे डबे होते. पण वाटेत कोणी पाणी देईना, आणि पाण्यावाचून ती मुले भरल्या डब्यांशेजारी उपाशी निजली.

भरल्या डब्यांशेजारी उपाशी निजली. गाडीतली भाकरी मोडून अर्धी देणाऱ्या आपल्या गोड रीतीला ही एक काळी कड आहे. गाव विचारायचे असे मी वर लिहिले. गाव विचारण्यामागे कधी कधी आडनाव असे आणि आडनावामागे आणखी काही. उत्तर ऐकून पुढे आलेला भाकरीचा हात किती वेळा मागे गेला असेल, त्याची नोंद कोणत्या रेल्वेच्या दप्तरात आहे? म्हणून मी त्या थंडगार डब्याला न्याय द्यायला हवा. तिथे आम्हांला कोणी गाव विचारले नाही, जात विचारली नाही. दहा टेबलांवर कोण कोण बसले होते देव जाणे. विचारले ते एकच, काय घेणार? पैसा ही पायरी तिथे आहे, आणि ती सर्वांना चढता येत नाही, हे खरे. पण जन्माने कोणाला त्या पायरीखाली ठेवलेले नाही. ज्या मुलांना मसूरला पाणी मिळाले नाही त्यांना तिथे पाणी मिळाले असते. ही गोष्ट लहान नव्हे.

मग माझे नेमके दुखते कुठे? डब्याचा दोष नाही, मौजेचा नाही, शेजारच्या त्या बाईचा तर मुळीच नाही. तिने आपल्या मुलीची काळजी घेतली. मी पुष्कळ दिवस हा दोष बाहेर शोधत राहिलो, कारण तो बाहेर सापडला असता तर त्यावर लिहिता आले असते. तो माझ्या हातात होता. ज्या हाताने मी आईचे मनगट धरले त्या हातात.

मी तिला अडवले ते शेजाऱ्यांच्या सोयीसाठी, असे त्या वेळी वाटले होते. खोटे! मला लाज वाटली होती. चपला काढणारी, फडके सोडणारी, भरल्या उपाहारगृहात घरचा लाडू पुढे करणारी ही म्हातारी माझी आई आहे आणि हे दहा टेबलांना कळले, याची लाज. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. संपाने बापाची नोकरी गेली आणि पुढे कॉलेज झाले नाही. वस्तीवरच्या शाळेत लागलो, पोरांना शिकवत शिकवत पुस्तके लिहिली. माझ्या कादंबऱ्यांतली आई नेहमी फडके सोडते आणि वाचकांचे डोळे पाणावतात. पत्रे येतात. कागदावरच्या फडक्याचा मला अभिमान, आणि टेबलावरच्या फडक्याची लाज! दुसऱ्या कोणी असे केलेले माझ्या कानी आले असते तर मी त्याला ढोंगी म्हटले असते.

शाळेत मधल्या सुटीत मी पोरांना गोल करून बसवतो. घरून कोणी काही आणले असेल तर ते मध्ये ठेवायचे, असा माझाच नियम आहे. एखादे पोर आपला डबा मांडीखाली लपवू लागले की मी त्याला सर्वांदेखत विचारतो, "का रे, तुझी भाकरी रडते का चारचौघांत?" मुंबईहून आल्यावर पहिल्या दिवशी हे वाक्य माझ्या तोंडात आले आणि तिथेच थांबले.

परतीच्या प्रवासाचे सांगायचे राहिले. दोन दिवसांनी आम्ही गाडीत बसलो. ही खरीखुरी, चालणारी. आई खिडकीशी. समोर एक तरुण बाई आणि तिचा लहान मुलगा. गाडीने वेग घेतला तशी आईची बोटे फडक्याच्या गाठीकडे जाऊ लागली आणि तिने माझ्याकडे पाहिले. परवानगी मागत होती! सत्तर वर्षांची माझी आई एक लाडू देऊ का, म्हणून माझ्याकडे डोळ्यांनी विचारत होती. मला आजवर जितक्या शिक्षा झाल्या असतील त्यांत इतकी मुकाट आणि इतकी कडक दुसरी नाही. मी म्हणालो, "दे ना गं, ही गाडी आहे."

पण गाडीतही गोष्ट तितकी सरळ राहिली नव्हती. अनोळखी माणसाकडून खाद्यपदार्थ घेऊ नका, ही रेल्वेची सूचना आता लहान मुलांनाही पाठ आहे. आणि ती उगीच दिलेली नाही. खाण्यातून गुंगीचे औषध देऊन प्रवाशांना लुटल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या तरुण बाईनेही मान हलवली. "नको आजी, तो आत्ताच जेवलाय." मुलाच्या डोळ्यांवरून तो जेवलेला दिसत नव्हता.

मला क्षणभर वाटले, संपले. उभ्या डब्यात सभ्यपणाने 'नको' म्हणायचे, चालत्या डब्यात भीतीने. गाडी असो नाही तर उपाहारगृह, माणसाच्या हातचे माणसाने खाण्याचा काळच गेला. मी आईला समजावून सांगायला तोंड उघडले. मास्तर ना!

आईला समजावून सांगण्याची गरज पडली नाही. तिने त्या बाईकडे थोडा वेळ पाहिले. मग लाडवाचे दोन तुकडे केले. एक स्वतःच्या तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला. दुसरा पुढे केला आणि म्हणाली, "आता घे. मी बी खाल्लाय." ती बाई ओशाळून हसली. मुलाने हात पुढे केला. या वेळी तो कोणी मागे घेतला नाही. जेऊर येईपर्यंत फडके रिकामे झाले होते आणि आईच्या ओट्यात दोन संत्री आली होती.

मी यावर फार विचार केला आहे. भीती खोटी नव्हती, सूचना चुकीची नव्हती. तरीही द्यायचे असेल तर काय करावे, याचे उत्तर तिच्या हाताला ठाऊक होते. देणाऱ्याने आधी खावे. ज्याला विश्वास हवा त्याने पहिला घास स्वतः घ्यावा. समोरच्याने आपल्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून रुसू नये, त्याला दोषही देऊ नये. रीत जुनी झाली की तिच्यात एवढी एक दुरुस्ती करावी लागते. आपण दुरुस्ती करायचा कंटाळा करतो आणि म्हणतो, काळ बदलला.

तेव्हा रुळांवर उभ्या असलेल्या त्या डब्याविषयी माझी आता काही तक्रार नाही. रेल्वेने आणखी डबे उभे करावेत, स्टेशनांची भोजनगृहे करावीत, माणसांनी पोराबाळांसह तिथे जाऊन सुखाने जेवावे. डब्यात कसे वागायचे ते डबा सांगत नसतो. ते आपण बरोबर नेतो, फडक्यात बांधून. किंवा घरी विसरून जातो. एखाद्या टेबलाशी माझ्या आईसारखी कोणी म्हातारी फडके सोडू लागली, तर तिच्या मुलाने तिचे मनगट धरू नये, एवढेच माझे मागणे आहे. शेजाऱ्याने 'नको' म्हटले तर म्हणू दे. 'नको' ऐकून घेण्याची ताकद म्हाताऱ्या बायकांत पुष्कळ असते. आपल्या मुलाचा 'नको' मात्र त्यांना पेलत नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघर फराळाची ताटे निघालेली असतील. शेजारच्या दाराशी ताट न्यायचे, आणि ते ताट रिकामे परत करायचे नाही, ही आपली रीत मोठ्या शहरांतल्या बंद दारांपुढे थोडी घुटमळते, हे मला ठाऊक आहे. यंदा आमच्या आळीत एक नवे बिऱ्हाड आले आहे. परमुलखातले लोक, आमच्या चिवड्याची त्यांना ओळख नसावी. आईने ताट भरून माझ्या हाती दिले आहे आणि वर रुमाल टाकला आहे. मी दाराशी उभा राहून हे शेवटचे चार शब्द मनात जुळवीत होतो, तर आतून तिचा आवाज आला,

"आरं, नुसतं ठिवून येऊ नको. थोडं त्यांच्यासंगं बसून खा."